बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवलं तर: तक्रार कुणी, कुठे आणि कोणत्या कागदांवर करायची

डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहून दिलाय, पण हातातलं इंट्राकॅथ (सलाइनची नळी) काढायला सिस्टर येत नाहीत. "आधी बिलिंगला जाऊन या." लिफ्टपाशी वॉचमन गेटपास मागतो आणि पूर्ण बिल भरल्याशिवाय गेटपास मिळत नाही. अशा वेळी घरातले दागिने मोडायची बोलणी सुरू होतात. त्याआधी हे वाचा.

थकलेलं बिल वसूल करायला रुग्णालय दिवाणी कोर्टात जाऊ शकतं. माणूस तारण ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत डिस्चार्ज मिळण्याचा, तसंच मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 नुसार अन्यायानं कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीन दिवस किंवा जास्त अडवलं तर कैद तीन वर्षांपर्यंत. दाराला कुलूप हवंच असं नाही. मात्र बिल माफ होत नाही, हेही लक्षात ठेवा.

सगळी तक्रार एका गोष्टीवर उभी राहते: तुम्ही जायचं म्हणालात आणि तुम्हाला अडवलं. म्हणून साध्या कागदावर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा, "आज इतक्या वाजता डिस्चार्ज मागितला, अमुक कारण सांगून नाकारला." तारखेबरोबर वेळ घालाच. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. देत नसतील तर तोच अर्ज तिथूनच ईमेल करा. मग 112 ला फोन करा.

पोलिसांत खबर रुग्णच नव्हे, नातेवाईकही देऊ शकतात. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. रुग्ण अजून आतच असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 100 खाली दंडाधिकारी त्याला शोधून हजर करण्याचं वॉरंट काढू शकतात. हा मार्ग फार कमी जणांना ठाऊक असतो.

भरपाईसाठी मुदत सांभाळा. कोंडून ठेवल्याबद्दलचा दिवाणी दावा सुटका झाल्यापासून फक्त एक वर्षात करावा लागतो. ग्राहक आयोगाला दोन वर्षं आहेत. आयोगाकडे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात त्या रुग्णालयाविरुद्ध मात्र आयोगाचं दार बंद. पोलिसांचं उघडंच आहे.

प्रत्येक थांबवणं बेकायदा नसतं. मानसिक आरोग्य कायद्याखाली स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णालाही तपासणीसाठी 24 तास थांबवता येतं. शुद्धीवरच्या प्रौढ रुग्णाला सल्ल्याविरुद्ध जायचं असेल तर डामाच्या (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) फॉर्मवर सही घेतात. त्या सहीपुरता वेळ लागणं म्हणजे कोंडणं नव्हे.

कागद: ओळखपत्र, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या, पोच असलेला अर्ज, 112 च्या कॉलचा स्क्रीनशॉट, एफआयआरची प्रत (ती फुकट मिळते). केसपेपर लेखी मागा. डॉक्टरांनी ते 72 तासांत द्यायचे असतात. आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं आणि गेटवरचा तो प्रसंग पुसला जातो.