कुंचला (चित्रकाराचा ब्रश)

कुंचला : रंग उचलून कागदावर किंवा कॅनव्हासवर लावण्याचे केसाळ साधन. 'तूलिका' हा ग्रंथांतला शब्द. दुकानात आणि चित्रकलेच्या वर्गात सगळे 'ब्रश'च म्हणतात. भिंतीला चुना फासायचा तो कुंचा, आणि हा त्याचाच नाजूक भाऊबंद. केसांचा झुपका, तो आवळून धरणारी धातूची नळी (फेरूल) आणि लाकडी दांडा असे त्याचे तीन भाग. झुपक्याचा फुगीर मधला भाग म्हणजे पोट. रंगाचा साठा तिथे राहतो. नळीत रुतलेली बाजू म्हणजे टाच; ब्रश मरतो तो बहुधा तिथूनच, वाळलेला रंग साचून.

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसलेल्या कोणालाही ब्रश नंबराने मागायची सवय असते: दोन, चार, सहा, आठ. वास्तविक नंबर ही सर्वांत शेवटी ठरवायची गोष्ट आहे. तो कंपनीगणिक बदलतो. एकीचा आठ दुसरीच्या सहाएवढा निघू शकतो. आधी ठरवायचा तो केस, कारण तो पाणी किती धरतो आणि वाकवल्यावर किती जोराने सरळ होतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

जलरंगाला पाणी धरणारा आणि तरीही टोकदार राहणारा केस लागतो. या दोन्ही कसोट्यांवर कोलिन्स्की सेबल आजही पहिल्या क्रमांकावर आहे. नावात 'सेबल' (एक वेगळा केसाळ प्राणी) असले तरी हा केस सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या लांबट प्राण्याच्या शेपटीचा असतो. प्रत्येक केस मधे जाड आणि टोकाशी निमुळता असतो, म्हणून असे केस एकत्र बांधले की पोट आणि अणी आपोआप तयार होतात. चांगला कारागीर नैसर्गिक केसाचे टोक कधी कापत नाही. केस जुळवून, खालून सारखे करून तो आकार देतो. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाने १८६६ मध्ये विन्सर अँड न्यूटन या कंपनीला उत्तमात उत्तम जलरंगी ब्रश बनवण्यास सांगितले. तिचा आवडता आकार सात नंबरचा होता, म्हणून ती मालिका 'सीरीज ७' नावाने आजही विकली जाते. किंमत ऐकून मात्र नवशिक्याने बिचकायला हरकत नाही.

खारीचा केस सेबलपेक्षा मऊ. तो पाणी भरपूर पितो, पण ओला झाला की मान टाकतो. आकाशाचा मोठा वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) द्यायला खारीच्या केसांचा मॉप (जाड, गुबगुबीत गोल ब्रश) सुरेख. झाडाच्या फांद्या काढायला निरुपयोगी. बोकडाचा केस त्याहून ढिला असतो; जपानी 'हाके' हा रुंद चपटा ब्रश प्रामुख्याने त्याचाच बनतो. 'कॅमल हेअर' हे लेबल दिसले तर त्यात उंटाचा केस नसतो हे लक्षात ठेवावे. खार, बोकड, घोडा, बैल यांपैकी जे स्वस्त मिळेल त्याच्या मिश्रणाचे ते व्यापारी नाव आहे. (मराठी शाळकरी मुलांच्या दप्तरातला 'कॅमल' वेगळा, ती दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाची, म्हणजे कॅम्लिनची, छाप आहे.)

तैलरंग घट्ट असतो. तो ढकलायला डुकराचे राठ केस, म्हणजे 'हॉग', हवेत. त्यांची टोके नैसर्गिकपणे फाटलेली असतात, त्यामुळे राठ असूनही ते रंग धरतात. फटकाऱ्याच्या रेघा कॅनव्हासवर उमटतात त्याही यांच्याच. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने सुमारे १४०० च्या आसपास या केसांची युक्ती लिहून ठेवली आहे: पांढऱ्या डुकराच्या केसांचा मोठा कुंचा बांधून आधी त्याने भिंती रंगवाव्यात, केस मऊ झाले की तो सोडून लहान ब्रश बांधावेत. भारतीय शिल्पग्रंथांतही असे बारकावे आहेत. केरळातील श्रीकुमाराच्या 'शिल्परत्ना'त जाड लेखणीला (म्हणजे ब्रशाला) वासराच्या कानाचे आणि मध्यम लेखणीला बोकडाच्या पोटाचे केस सांगितले आहेत.

ॲक्रिलिकसाठी मात्र नैसर्गिक केस वाया घालवू नये. हा रंग अल्कधर्मी असतो, भराभर वाळतो आणि केस खराब करतो. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे ब्रश इथे बिनधास्त वापरावेत. प्राण्यांच्या केसावर असलेले सूक्ष्म खवले या गुळगुळीत तंतूंवर नसतात, म्हणून त्यांत पाणी कमी टिकते. नव्या कृत्रिम ब्रशांनी ही उणीव बरीचशी भरून काढली आहे. शिकणाऱ्याने जलरंगासाठीही कृत्रिम किंवा मिश्र केसांचा ब्रश घ्यावा, असेच प्रस्तुत लेखकाचे मत.

भारतात यामागे आणखी एक कारण आहे. मुंगसाचे केस ताठ, टिकाऊ आणि टोकदार असल्याने त्यांच्या ब्रशांना अनेक वर्षे मागणी होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुंगूस संरक्षित असून त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरीही शिकार चालू राहिली. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे ब्रशनिर्मितीचे मोठे केंद्र; ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या मोहिमेत तिथे, तसेच मुंबई-पुण्यासह इतर शहरांत छापे घातले आणि पन्नास हजारांहून अधिक ब्रश जप्त केले. बिनरंगवलेला मुंगसाचा केस पट्टेदार दिसतो: टोक गडद, मधला भाग फिकट. असा ब्रश दुकानदाराने कौतुकाने पुढे केला तरी परत ठेवावा.

आकारांची गोष्ट केसांपेक्षा सोपी आहे. पूर्वी केस पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ दांडीत बसवत, त्यामुळे ब्रश गोलच होई. एकोणिसाव्या शतकात धातूची नळी रूढ झाली, ती दाबून चपटी करता येऊ लागली आणि 'फ्लॅट' जन्मला. राउंड हा सर्वांत कामाचा: दाबला तर जाड, उचलला तर बारीक. फ्लॅटने भिंती, पाणी, रुंद पट्टे करावेत, कडेवर उभा धरून सरळ रेघ ओढावी. ब्राइट म्हणजे आखूड केसांचा फ्लॅट, घट्ट तैलरंगासाठी. फिल्बर्टचे टोक त्या नावाच्या फळासारखे गोलसर असते. गाल, पाकळ्या, ढग यांच्या मऊ कडा त्याने साधतात. रिगरचे केस लांब आणि सडपातळ. जहाजाचे दोरखंड रंगवण्यावरून त्याला हे नाव पडले. तारा, गवत, कोवळ्या फांद्या एका दमात ओढायला तो हवा. पंख्यासारखा पसरट फॅन ब्रश विकत घेतात बरेच जण, वापरतात थोडे. ईझलपासून (कॅनव्हास ठेवायच्या घोडीपासून) लांब उभे राहून रंगवायचे म्हणून तैलरंगी ब्रशांचे दांडे लांब, तर मेजावरच्या जलरंगी ब्रशांचे आखूड असतात. जलरंगाच्या सुरुवातीला एक मोठा राउंड, एक लहान राउंड आणि एक फ्लॅट पुरे.

नवा ब्रश दुकानात टोकदार दिसतो तो गोंदामुळे. दुकानदार परवानगी देईल तर गोंद पाण्यात विरघळवून ब्रश एकदा झटकावा. राउंडचे केस आपसूक एका अणीवर आले पाहिजेत. दोन टोके फुटली किंवा केस हातात आले तर तो ब्रश घेऊ नये.

काम झाल्यावर ब्रश पाण्याच्या डब्यात उलटा उभा ठेवू नये. टोक कायमचे वाकते आणि नळीत पाणी शिरून दांड्याचा रंग तडकतो. साबण आणि थंड पाण्याने टाचेपर्यंत धुवावा, बोटांनी अणी करून आडवा वाळवावा. नैसर्गिक केसांना कसर लागते, म्हणून बरेच दिवस न वापरायचे ब्रश डांबरगोळी घालून डब्यात बंद करावेत. अणी गेलेला राउंड फेकू नये. पॅलेटवर रंग कालवायला, कोरड्या ब्रशने झाडांचे पोत काढायला आणि मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणारा द्रव) लावायला तोच कामी येतो. त्या चिकट द्रवात चांगला ब्रश एकदा बुडाला की परत येत नाही.