वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे सुरक्षित नाही

इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावून ती टाकली की सफाई करणाऱ्याला टोचत नाही, असा समज लहान दवाखान्यांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. हेतू चांगला असला तरी समज चुकीचा आहे. एका हातात धरलेल्या अरुंद टोपणात दुसऱ्या हाताने सुई घालताना नेम किंचित चुकला, तरी ती थेट अंगठ्यात किंवा तर्जनीत शिरते. आणि हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होण्यास तेवढे निमित्त पुरते. शिवाय टोपण पिशवीत निसटते, ते वेगळेच. भारतातील २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सुया व ब्लेड पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि टोक आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायचे असतात. म्हणून सुई टोपण न लावताच कटरने तिथल्या तिथे कापावी. उरलेली प्लॅस्टिकची सिरिंज लाल पिशवीत जाते. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा, कारण काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई दाबून बसवण्याचा मोह टोपणाइतकाच घातक असतो. तरीही टोचलेच, तर जखम पिळत न बसता साबण-पाण्याने धुवावी आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.