लेसर अडखळतो, गाणं नाही

ग्रामोफोनची सुई निदान खाचेत बसलेली असते. सीडीच्या लेसरला तेवढाही आधार नाही. तबकडीखाली एक छोटं भिंग अधांतरी असतं आणि चुंबकीय कॉइल त्याला हलवत प्रकाशाचा ठिपका गाणं नोंदलेल्या नेमक्या ओळीवर धरून ठेवतात. शेजारच्या दोन ओळींमधलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन, केसाच्या जाडीत अशा चाळीसेक ओळी मावतील. चालताना बसणारा साधा हिसकाही ठिपका भलत्याच ओळीवर नेऊन ठेवतो.

१९८४ साली सोनीचा डी-५० आला, तेव्हा पोर्टेबल प्लेअरची भिस्त स्प्रिंग, रबर आणि भिंगाला पकडून ठेवणाऱ्या सर्किटवरच होती. ही पकड घट्ट केली तर भिंग ओरखड्यांच्याही मागे धावायचं, सैल केली तर धक्क्याने सुटायचं.

नव्वदच्या दशकात वेगळी युक्ती रुळली. धक्का टाळायचा नाही, पचवायचा! तबकडी दुप्पट वेगाने वाचायची, वाचलेलं मेमरी चिपमध्ये साठवायचं आणि गाणं वाजवायचं ते त्या साठ्यातून. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात, म्हणजे १६ मेगाबिटची (सुमारे १६८ लाख बिटांची) चिप जेमतेम १२ सेकंद पुरते. डब्यावर ४० सेकंद छापलेलं असलं, तर बहुधा आवाज दाबून साठवलेला असतो. त्यात थोडी गुणवत्ता जाते. चोखंदळ कानाचे लोक धक्के पचवणाऱ्या या सोयीचं बटण बंद ठेवत, ते उगाच नाही.

खरी गंमत धक्क्यानंतर साठलेलं आणि नव्याने वाचलेलं यांचा सांधा जुळवण्यात आहे. सीडीवरची वेळेची खूण सेकंदाच्या पंच्याहत्तराव्या भागापर्यंतच जागा सांगते, आणि आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, तर सेकंदाला ४४,१००. म्हणून लेसर थोडा मागे जाऊन आधीचाच भाग पुन्हा वाचतो. मेमरीतले शेवटचे नमुने त्यात जिथे तंतोतंत जुळतात, तिथून पुढचं भरायला घेतो. हे काम फक्त धक्क्यानंतरचं नाही. साठा भरला की प्लेअर आपणहून वाचन थांबवतो आणि जागा झाली की असाच सांधा जुळवतो. थोडक्यात, शांत टेबलावरही तो सतत अडखळत असतो, आपल्याला कळत नाही इतकंच.

धावताना मात्र दर पावलाला हिसका. पुन्हा भरायला उसंतच मिळत नाही, साठा आटतो आणि गाणं तुटतं.