मॅक्ग्रोरी, जिमी

मॅक्ग्रोरी, जेम्स एडवर्ड : (२६ एप्रिल १९०४–२० ऑक्टोबर १९८२). स्कॉटिश फुटबॉलपटू, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या फळीतील मधला, मुख्यतः गोल करणारा खेळाडू). जन्म ग्लासगोतील गार्नगॅड या आयरिश वस्तीत. १९२२ मध्ये सेल्टिकमध्ये दाखल. १९२३–२४ चा हंगाम उसना खेळाडू म्हणून क्लाइडबँककडे. त्यानंतर १९३७ पर्यंत त्याने क्लब बदलला नाही. १९२८ साली फ्रान्समधील लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्राच्या यात्रेला निघालेल्या मॅक्ग्रोरीला आर्सेनल या लंडनच्या क्लबचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने लंडनमध्ये गाठून आपल्या क्लबमध्ये येण्याची बरीच गळ घातली. तो बधला नाही.

उंची बेताची, खांदे रुंद. १९२५ च्या स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात डंडी क्लबशी १–१ बरोबरी असताना सहकारी मॅकफार्लेनच्या फ्री किकवर त्याने आडवा सूर मारून डोक्याने विजयी गोल केला. चेंडू तेव्हा चामड्याचा, वादीने आवळलेला आणि ओला झाला की जड होणारा असे. ‘मानवी पाणतीर’ (ह्यूमन टॉर्पेडो) हे टोपणनाव अशा गोलांवरून पडले.

त्याच्या एकूण गोलांबाबत एकमत नाही. सेल्टिककडून ४६८ हा आकडा जुन्या याद्यांत रूढ आहे, काही नव्या याद्या ४७२ देतात. लीगमधील गोल कोणी ४०८, कोणी ४१० मोजतात. यांत क्लाइडबँकचे १३ धरलेले असतात. ५५० हा बहुचर्चित आकडा मात्र निराळ्याच मापाचा : त्यात ग्लासगो चषक, चॅरिटी चषक, स्कॉटलंड आणि स्कॉटिश लीगचा निवड संघ हे सारे येते. तेव्हा क्लबपुरते बोलताना ४७० च्या आसपास म्हणणे अधिक सुरक्षित. गोलांच्या या सुगीला १९२५ मध्ये सैल झालेला ऑफसाइडचा नियमही कारणीभूत असावा. चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यात असाव्या लागणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची किमान संख्या त्या बदलाने तीनवरून दोनवर आणली. १४ जानेवारी १९२८ रोजी डनफर्मलिनवरील ९–० विजयात त्याने एकट्याने आठ गोल केले. १९३५–३६ च्या लीगमध्ये ५० गोल केले. त्या वर्षी सेल्टिकने विजेतेपद मिळवले.

स्कॉटलंडकडून तो केवळ सात सामने खेळला, कारण निवडकर्त्यांची पसंती बहुधा ह्यूई गॅलॅकर या दुसऱ्या सेंटर फॉरवर्डला असे. तरी १९३३ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर इंग्लंडला २–१ हरवताना दोन्ही गोल त्याचेच होते. ‘हॅम्पडन रोर’ या तेथील प्रेक्षकांच्या प्रसिद्ध गर्जनेचा उगम काहीजण याच सामन्यात मानतात; १९२९ चा सामना सांगणारे मत अधिक रूढ दिसते.

निवृत्तीनंतर किल्मारनॉक व १९४५–६५ या काळात सेल्टिकचा व्यवस्थापक.