टेक्सासमध्ये मिडल स्कूलचे इलेक्टिव्ह: विषयनिवड, पात्रता आणि कागदपत्रं

नाताळची सुट्टी संपली की डॅलस, फ्रिस्को, प्लेनो भागातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौकशा सुरू होतात. बँड घ्यावा की ऑर्केस्ट्रा? स्पॅनिश सातवीत की आठवीत? एव्हिड म्हणजे काय, आणि ते चांगलं असतं का? साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पाचवी ते सातवीच्या मुलांकडून पुढच्या वर्षाचे विषय भरून घेतात. नेमकी तारीख प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टची (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची) वेगळी असते. घरातली चर्चा मात्र बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आवडीनिवडीचं नंतर बघू, आधी वेळापत्रकात जागा किती आहेत ते मोजा.

जागांचा हिशोब

रोज सात तास (पिरियड) असलेल्या शाळेत सहावीच्या मुलाला गणित, विज्ञान, सोशल स्टडीज आणि इंग्लिश-रीडिंगचे मिळून दोन असे पाच तास सक्तीचे असतात. उरले दोन, तेच इलेक्टिव्हसाठी, म्हणजे निवडीच्या विषयांसाठी. आता राज्याचे नियम बघा. सहावी ते आठवीत मिळून पीईची (शारीरिक शिक्षणाची) चार सेमिस्टर, म्हणजे दोन पूर्ण वर्षं झालीच पाहिजेत. शिवाय या तीन वर्षांत कधीतरी एक फाइन आर्ट्सचा कोर्स पूर्ण झाला पाहिजे. त्यात चित्रकला, संगीत, नाटक किंवा नृत्य चालतं. बँड, ऑर्केस्ट्रा आणि क्वायर (समूहगान) संगीतात मोजले जातात.

तीन वर्षांच्या एकूण जागा झाल्या सहा. बँड एकदा घेतला की तो सहसा तिन्ही वर्षं चालतो, त्यात तीन गेल्या. पीईत दोन गेल्या. उरली एक, आणि तिच्यावर स्पॅनिश, रोबोटिक्स, कोडिंग, थिएटर, डिबेट अशा सगळ्यांचा डोळा! मुलाला सातवी-आठवीत अॅथलेटिक्समध्ये (शाळेच्या संघाचे खेळ, पीईतच धरले जाणारे) जायचं असेल तर तेवढीही राहत नाही: सहावीत पीई, पुढची दोन वर्षं अॅथलेटिक्स, सोबत तीन वर्षं बँड, संपल्या सहा. मग स्पॅनिश हायस्कूलवर ढकलायचं. त्यात काही बिघडत नाही, पण ते फेब्रुवारीतच माहीत असलेलं बरं.

काही शाळांत आठ तास असतात, काहींत सातवीपासून इंग्लिशचा एक तास कमी होतो. तिथे हा हिशोब सैल होतो. तुमच्या शाळेचा कोर्स गाइड डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतो. त्यात इयत्तेवार किती तास सक्तीचे आहेत एवढं पान तरी वाचाच.

या जागा कमी होण्याचं आणखी एक कारण असतं. राज्याच्या स्टार परीक्षेत गणितात किंवा रीडिंगमध्ये मूल मागे पडलं, तर कायद्यानुसार त्याला जादा शिकवणी द्यावी लागते. 2023 च्या दुरुस्तीनंतर ती विषयागणिक 15 ते 30 तासांची आहे. काही शाळा ती इलेक्टिव्हच्या तासातच बसवतात. नको असेल तर पालकांना लेखी नकार देता येतो, पण तो मार्ग आपण विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

बँड आणि ऑर्केस्ट्रा: सहावीतच ठरतं

बाकीचे विषय सातवीत, आठवीत केव्हाही सुरू करता येतात. वाद्यांचं तसं नाही. बिगिनर वर्ग सहावीत भरतो आणि सातवीतलं मूल थेट पुढच्या बँडमध्ये जातं. सातवीत नव्याने शिरायचं तर डायरेक्टरची, म्हणजे बँड किंवा ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांची परवानगी लागते, बहुतेकदा आधी खासगी शिकवणीही. म्हणून मन दोलायमान असेल तर सहावीत वाद्य घ्या, नाही आवडलं तर सोडा. उलट करणं अवघड जातं.

फॉर्मवर नुसतं ‘बँड’ लिहून भागत नाही. वसंतात शाळेत वाद्यचाचणीची संध्याकाळ असते आणि तिची वेळ आधी नोंदवावी लागते. टेबलांवर निर्जंतुक केलेले माउथपीस मांडलेले असतात. मूल एकेकात फुंकून बघतं. डायरेक्टर ओठांची ठेवण, दात, दातांवरची तार न्याहाळतात आणि कार्डावर दोन-तीन वाद्यांपुढे शेरे मारतात. त्यावरून वाद्य ठरतं. सगळ्यांना सॅक्सोफोन किंवा पर्कशन हवं असतं आणि नेमक्या त्याच जागा मोजक्या असतात. तबला शिकलेल्या मुलाची पर्कशनमध्ये वर्णी लागेल असा आपला समज असतो. डायरेक्टर मात्र बहुधा आधी विचारतात की पियानो येतो का, कारण पहिलं वर्षभर बेल किटवर (काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांवर) नोटेशन वाचून वाजवायचं असतं. तबल्याचा हात वाया जात नाही, पण चाचणीला त्याचा फायदा होईलच असं नाही.

खर्चाचं म्हणाल तर फ्लूट, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, व्हायोलिन ही वाद्यं पालक महिन्याच्या भाड्याने घेतात. ट्यूबा, युफोनियम, बॅसून, फ्रेंच हॉर्न, डबल बास अशी मोठी किंवा महागडी वाद्यं शाळा बहुधा स्वतः देते आणि वर्षाचं थोडं शुल्क घेते. यांना मागणी कमी म्हणून पुढे स्पर्धाही कमी. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं वाद्य डायरेक्टरना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांची पसंतीच्या ब्रँडची यादी असते आणि यादीबाहेरच्या वाद्याची दुरुस्ती करायला दुकानदारही कुरकुरतात.

हायस्कूल क्रेडिट देणारे विषय

मिडल स्कूलमध्ये घेता येणारे काही कोर्स हायस्कूलच्या पातळीचे असतात: स्पॅनिश 1, आर्ट 1 आणि, इलेक्टिव्ह नसला तरी, अल्जिब्रा 1. त्यांचं क्रेडिट (कोर्स पूर्ण केल्याची नोंद) हायस्कूल पूर्ण करण्याच्या हिशोबात धरतात आणि ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर चढते. क्रेडिटसाठी किमान 70 गुण लागतात. टेक्सासमध्ये हायस्कूल पूर्ण करायला एकाच परकीय भाषेची दोन क्रेडिट, फाइन आर्ट्सचं एक आणि पीईचं एक लागतं. म्हणून आठवीत स्पॅनिश 1 उरकलं तर नववीत एक तास मोकळा मिळतो.

इथे दोन गोष्टींत गल्लत होते. पहिली म्हणजे मिडल स्कूलच्या बँडची तीन वर्षं हायस्कूलच्या फाइन आर्ट्स क्रेडिटमध्ये धरत नाहीत. दुसरी गोष्ट जीपीएची, म्हणजे गुणांच्या सरासरीची. हे गुण हायस्कूलच्या जीपीएत धरायचे की नाही हे डिस्ट्रिक्ट ठरवतं, आणि शेजारशेजारच्या दोन डिस्ट्रिक्टची उत्तरं वेगळी असू शकतात. जीपीएत धरत असतील आणि मुलाला भाषेत रस नसेल, तर बाराव्या वर्षी ट्रान्स्क्रिप्टवर 76 लिहून घेण्यात काय शहाणपण आहे मला कळत नाही. एक वर्ष थांबा.

भाषेचं क्रेडिट परीक्षा देऊनही मिळवता येतं. याला क्रेडिट बाय एक्झाम म्हणतात. वर्गात शिकलेलं नसताना ही परीक्षा दिली तर 80 टक्के लागतात आणि एका विषयासाठी दोनदाच बसता येतं. अव्हांत या संस्थेच्या स्टॅम्प डब्ल्यूएस नावाच्या भाषेच्या परीक्षांमध्ये मराठी आहे. त्यामुळे रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या मुलांना हा मार्ग बघण्यासारखा आहे. तुमचं डिस्ट्रिक्ट मराठीची परीक्षा मान्य करतं का, निकाल कसा मोजतं आणि किती क्रेडिट देतं, हे काउन्सेलरना (शाळेतल्या विषयनिवडीच्या सल्लागारांना) ईमेलनेच विचारा. तोंडी ‘हो’वर विसंबून परीक्षेची फी भरू नका.

एव्हिड

एव्हिड हा कॉलेजच्या तयारीचा इलेक्टिव्ह. नावावरून हा हुशार मुलांचा वर्ग वाटतो आणि आपले पालक अर्ज करून मोकळे होतात. प्रत्यक्षात तो मधल्या फळीतल्या मुलांसाठी आहे: कष्टाची तयारी आहे, पण अभ्यासाची शिस्त किंवा कॉलेजची वाट दाखवणारं माणूस हवं आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलांना प्राधान्य असतं. वेगळा अर्ज, शिक्षकांची शिफारस आणि मुलाची मुलाखत असते. सगळ्या विषयांत नव्वदच्या पुढे असलेल्या मुलाला सहसा नाकारतात, आणि ते योग्यच आहे.

पीई आणि अॅथलेटिक्सची कागदपत्रं

शाळेबाहेर पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स किंवा नृत्य नियमित चालू असेल तर काही डिस्ट्रिक्ट ते पीई म्हणून धरतात. याला ऑफ कॅम्पस पीई म्हणतात. हायस्कूलच्या नियमांत दोन प्रकार आहेत, आठवड्याला किमान 15 तासांचा आणि किमान 5 तासांचा. मिडल स्कूललाही बऱ्याच ठिकाणी तेच धरून चालतात. पाच तासांच्या प्रकारात शाळेतून लवकर सुटका नसते, पण पीईची जागा मोकळी होऊन तिथे दुसरा विषय बसतो. जागांचा हिशोब जुळत नसेल तर सुटकेचा हाच एक खरा मार्ग आहे. अट अशी की तुमची अकादमी डिस्ट्रिक्टच्या मान्य यादीत हवी. कथक किंवा भरतनाट्यमच्या वर्गाला ही मान्यता गुरूंनी स्वतः अर्ज करून घ्यावी लागते, त्यामुळे आधी ताईंना विचारा. अर्जाला शिकवणाऱ्याची सही, तासांचं वेळापत्रक आणि नंतर ठरावीक काळाने हजेरी व ग्रेड लागते. याची मुदत विषयनिवडीच्या मुदतीहून वेगळी असते आणि ती हमखास नजरेतून सुटते.

अॅथलेटिक्स सातवीपासून. त्यासाठी यूआयएलचा (टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचा) वैद्यकीय तपासणी फॉर्म आणि आजारांचा इतिहास सांगणारा फॉर्म लागतो. यूआयएलच्या नियमाने मिडल स्कूलमध्ये खेळायला लागण्याआधी एकदा तपासणी पुरते, पण अनेक डिस्ट्रिक्ट दरवर्षी मागतात. फॉर्मवर डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट, अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स किंवा कायरोप्रॅक्टर यांचीच सही चालते. उन्हाळ्यात पुण्याला जाऊन फॅमिली डॉक्टरांकडून सही आणण्याच्या भानगडीत पडू नका, इथेच करून घ्या. सोबत डोक्याला मार लागण्याविषयी आणि हृदयविकाराविषयी माहितीचे फॉर्म असतात, त्यांवर पालक व मूल दोघांची सही. बरीच डिस्ट्रिक्ट हे सगळं रँक वन नावाच्या पोर्टलवर भरून घेतात.

आणि हो, ‘नो पास, नो प्ले’. ग्रेडिंगच्या टप्प्याअखेर कोणत्याही विषयात 70 च्या खाली गेलं की किमान तीन शालेय आठवडे सामने आणि बँडच्या स्पर्धा बंद. सराव चालू ठेवता येतो. काही प्रगत कोर्सना यातून सूट आहे, कोणते ते डिस्ट्रिक्टच्या यादीत बघावं.

भारतातून नुकते आला असाल तर

आधी प्रवेश, मग विषय. पासपोर्ट किंवा जन्मदाखला, पालकाचं फोटो ओळखपत्र, घराचा करार आणि वीज किंवा पाण्याचं बिल, लसीकरणाची नोंद, मागच्या शाळेची प्रगतीपत्रकं एवढं लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अडत नाही, शाळा राज्याचा क्रमांक देते. लसीकरणात आपल्याकडची मुलं बहुधा कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए च्या दुसऱ्या डोसवर अडतात. सातवीत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसचीही लस लागते.

प्रगतीपत्रक इंग्रजीत नसेल तर भाषांतर करून आणा. हिंदी, संस्कृत हे विषय शिकलेले असतील तर त्यांची पानं वगळू नका.

प्रवेशाच्या कागदांत होम लँग्वेज सर्व्हे असतो. घरी कोणती भाषा बोलता, मूल कोणती भाषा वापरतं, असे प्रश्न. मराठी लिहिलं की मुलाची इंग्लिशची चाचणी होते आणि चार आठवड्यांत निर्णय येतो. ती टाळायला इंग्लिश लिहा असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. खरं तेच लिहावं. इंग्लिश माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांना ही चाचणी जड जात नाही. आणि मदतीची गरज आहे असं निघालंच तरी ईएसएलच्या, म्हणजे इंग्लिश शिकवण्याच्या खास वर्गाला पालकांची संमती लागते. संमती देण्याआधी विचारायचं ते एवढंच: हा वर्ग कोणत्या तासाला बसणार, इंग्लिशच्या की इलेक्टिव्हच्या? सर्व्हेत चूक झालीच असेल तर दुरुस्ती प्रवेशापासून दोन आठवड्यांच्या आत आणि चाचणी होण्याआधीच करता येते.

वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला उरलेल्या जागांतून विषय मिळतो. बँड बहुधा मिळत नाही, क्वायर आणि आर्ट मिळतं.

फॉर्म भरताना, आणि नंतर

फॉर्म कागदी असो वा स्कायवर्ड किंवा होम अॅक्सेस सेंटर या पोर्टलवर, त्यात पसंतीक्रमाखाली ‘अल्टरनेट’ असा रकाना असतो. मुलं तिथे मित्राने लिहिलं तेच लिहितात किंवा रकाना कोराच ठेवतात. कोरा राहिला तर काउन्सेलर जिथे जागा आहे तिथे मुलाला बसवतात. पसंतीच्या विषयात जागा भरल्या की अल्टरनेटच मिळतो, म्हणून वर्षभर सहन होईल असाच विषय तिथे लिहा. काही कोर्स सेमिस्टरचे असतात, काही वर्षाचे. अर्ध्या वर्षाचा एकच निवडला तर दुसऱ्या अर्ध्याला काय, हेही तिथेच भरायचं असतं. भरून झालं की स्क्रीनशॉट घ्या, कागदी असेल तर फोटो.

शाळा या आकड्यांवरून पुढच्या वर्षाचे वर्ग पाडते आणि शिक्षक नेमते. त्यामुळे बदल करायचा तर वसंतात, मुदतीच्या आत. ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात आल्यावर बदल मागता येतो, पण कारणं ठरलेली असतात: झालेला कोर्स पुन्हा लागला, आवश्यक विषय राहिला, पातळी चुकली, एखादा तास रिकामा आहे. मैत्रीण दुसऱ्या वर्गात आहे किंवा शिक्षक आवडत नाहीत ही कारणं चालत नाहीत. अर्जाची मुदत पहिल्या काही दिवसांचीच असते. अर्ज काउन्सेलरच्या नावाने, मुलाचा आयडी, सध्याचा तास आणि हवा असलेला विषय लिहून ईमेलने पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत मुलाला जुन्याच वेळापत्रकाप्रमाणे वर्गात बसू द्या, नाहीतर गैरहजेरी लागते. नकार आला तर सेमिस्टरच्या कोर्ससाठी जानेवारीत पुन्हा विचारता येतं. बँड, ऑर्केस्ट्रा आणि क्रेडिटचे कोर्स वर्षाचे असल्याने त्यांतून मध्येच बाहेर पडायला डायरेक्टर किंवा शिक्षक, काउन्सेलर आणि पालक अशा तिघांच्या सह्या लागतात.