धातूंच्या बळकटीवरील आकारपरिणाम

धातूचा नमुना काही मायक्रोमीटर किंवा त्याहूनही बारीक केला की त्याची बळकटी वाढत जाते. या घटनेला आकारपरिणाम म्हणतात. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तक्त्यांत प्रत्येक धातूपुढे बळकटीचा एक आकडा छापलेला असतो आणि पुलाच्या किंवा बॉयलरच्या कामाला तो पुरतो. पण अर्ध्या मायक्रोमीटरहून बारीक सोन्याचा खांब नेहमीच्या सोन्याच्या 50 पटींपर्यंत दाब सोसू शकतो. धातू तोच, अणूंची मांडणीही तीच. बळकटी हा पदार्थाचा अंगभूत गुण आहे ही समजूत इथे सोडावी लागते. स्फटिकात दोष किती आणि त्यांना हलायला जागा किती, यावर ती ठरते.

निर्दोष स्फटिकात अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती बळ लागेल, याचे गणित याकोव्ह फ्रेंकेल यांनी 1926 मध्ये मांडले. प्रत्यक्षातले मऊ स्फटिक त्याच्या हजारो पटींनी कमी बळाला नमतात. 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे याचे कारण सांगितले: स्फटिकात स्थानभ्रंश, म्हणजे डिस्लोकेशन, नावाचे रेषेसारखे दोष असतात. मोठी सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही. एका टोकाला चुणी पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी वीतभर सरकते. स्थानभ्रंश ही ती चुणी.

तापवून मऊ केलेली तांब्याची तार बोटांनी सहज वाकते. ती सरळ करायला गेले की जोर जास्त लागतो, आणि बहुधा जुना बाक तसाच राहून शेजारी नवा बाक पडतो. वाकवताना स्थानभ्रंशांची संख्या वाढते, ते एकमेकांत गुंततात आणि तार ताठरते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी चकाकीबरोबर पत्र्याला येणारा ताठपणाही याच गुंत्याचा. मोठ्या तुकड्यात, थोडक्यात, दोष वाढले की बळकटी वाढते. अतिसूक्ष्म नमुन्यात नेमके उलटे घडते, आणि या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे.

याची चाहूल जुनी आहे. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये दाखवले की सुमारे 1 मिलिमीटर जाडीचा काचेचा तंतू 170 मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे ताणाचे एकक) आसपास तुटतो, तर 3.3 मायक्रोमीटरचा तंतू सुमारे 3,400 मेगापास्कल सोसतो. तिथे कारण होते काचेतल्या भेगांचे. धातूंबाबत 1952 मध्ये हेरिंग आणि गाल्ट यांना कथलाच्या केसासारख्या बारीक स्फटिकांत असाच अनपेक्षित चिवटपणा आढळला.

2004 मध्ये मायकेल उचिक आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मस्तंभ चाचणी रूढ केली. एका स्फटिकाच्या पृष्ठभागावर गॅलियम धातूच्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, झोताने चहूबाजूंनी खोदून मधोमध खांब उभा ठेवायचा आणि सपाट टोकाच्या हिऱ्याने तो वरून दाबायचा. मोठ्या नमुन्याचा भार आणि दबण्याचा आलेख गुळगुळीत चढतो. या खांबाचा जिन्यासारखा येतो. भार वाढत राहतो, खांब ढिम्म असतो, आणि मग क्षणात घसरतो. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की पत्त्यांचा कॅट तिरका सरकावा तसे थर त्याच्या अंगावर दिसतात.

इतक्या लहान खांबात स्थानभ्रंश गुंतायच्या आधीच पृष्ठभागापाशी पोहोचून बाहेर पडतात. नवे जन्माला घालायला फार मोठे बळ लागते. ग्रीअर आणि निक्स यांनी सोन्याच्या खांबांवरून याला स्थानभ्रंशांचा दुष्काळ म्हटले. 2008 मध्ये निकेलचा खांब सूक्ष्मदर्शकातच दाबला गेला, तेव्हा दोषांनी भरलेला स्फटिक दाबासरशी स्वच्छ होताना दिसला.

गॅलियमचा मारा मात्र खांबात स्वतःच दोष पेरतो, त्यामुळे या आकड्यांवर शंका घेणे रास्त आहे. म्हणून मॉलिब्डेनम मिश्रधातूच्या खांबांचा 2007 चा प्रयोग मला निर्णायक वाटतो. ते कोरलेले नव्हते. घन होताना आपोआप तयार झालेले तंतू भोवतालचा भाग विरघळवून मोकळे केले होते. निर्दोष असल्याने त्यांची बळकटी जाडी कितीही असली तरी सारखीच, फ्रेंकेल यांच्यासारख्या गणिताने येणाऱ्या सैद्धांतिक मर्यादेजवळ आली. आधी ताण देऊन त्यांत दोष घातले की ती घसरली.

नमुना मोठा ठेवून आतले कण, म्हणजे धातू ज्यांचा बनतो ते छोटे स्फटिक, बारीक केले तरीही धातू बळकट होतो. हा हॉल-पेच नियम (1951, 1953). पण कण साधारण 10 ते 20 नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) उतरले की कणांच्या सीमाच घसरू लागतात आणि धातू पुन्हा मऊ होऊ शकतो. 1989 मध्ये अतुल चोक्शी आणि सहकाऱ्यांनी तांबे व पॅलॅडियममध्ये ही उलटी चाल नोंदवली. स्थितिस्थापकतेचा यंग गुणांक, म्हणजे ताण दिल्यावर धातू किती ताठ राहतो याचे माप, मात्र या साऱ्या उलथापालथीत, काही नॅनोमीटरपर्यंत उतरेतो, जवळपास जागचा हलत नाही.