शाळेच्या आठवणी आणि इंग्रजी साधा भूतकाळ

शाळेच्या आठवणी इंग्रजीत सांगताना कणा असतो तो साध्या भूतकाळाचा. इंग्रजी संभाषणाच्या वर्गांत या काळाच्या सरावासाठी हा विषय हमखास दिला जातो. त्याचे कारण सरळ आहे: शाळा संपलेली असते, आणि साध्या भूतकाळाची मुख्य अट हीच की क्रिया संपलेल्या काळातली हवी. शिवाय शाळेबद्दल बोलायला कोणालाही विचार करावा लागत नाही. बाक, घंटा, डबा, छडी, सहल हे सगळे मनात तयारच असते. फक्त क्रियापद योग्य रूपात यायला हवे.

मराठी माणसाची अडचण नेमकी तिथेच होते, आणि ती इंग्रजीच्या अवघडपणामुळे होत नाही. या बाबतीत मराठी अधिक बारकाईने बोलते म्हणून होते. ‘आम्ही नदीवर गेलो’ ही एकदाची गोष्ट. ‘आम्ही नदीवर जायचो’ किंवा ‘जात असू’ ही नेहमीची. ‘चौथीत असताना नदीवर गेलो होतो’ यात काळाचे अंतर आहे, म्हणजे ही जुनी गोष्ट. साधा, रीती आणि पूर्ण असे भूतकाळाचे वेगवेगळे प्रकार शाळकरी व्याकरणातही शिकवले जातात. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘वी वेन्ट टू द रिव्हर’ एवढेच म्हणून चालते. फरक क्रियापदात दिसत नाही, तो ‘वन डे’, ‘एव्हरी सॅटर्डे’, ‘व्हेन आय वॉज नाइन’ अशा कालवाचक शब्दांत ठेवलेला असतो.

एक छोटी आठवण घेऊ. ‘आम्ही जमिनीवर बसायचो. सर एसटीने यायचे. एक दिवस एसटी बंद पडली आणि सर चालत आले.’ इंग्रजीत: ‘वी सॅट ऑन द फ्लोअर. अवर टीचर केम बाय बस. वन डे द बस ब्रोक डाउन अँड ही केम ऑन फुट.’ मराठीतले ‘यायचे’ आणि ‘आले’ हे दोन्ही इथे ‘केम’ झाले. रोजचे येणे संपून त्या एका दिवसाचे येणे कुठे सुरू झाले, हे ऐकणाऱ्याला ‘वन डे’ या दोन शब्दांनी कळते. ते विसरले तर रोजचेच चालू आहे असे वाटते. म्हणून क्रियापदांची रूपे पाठ करण्याइतकेच हे शब्द जागेवर ठेवणे महत्त्वाचे आहे. अनेक वर्गांत रूपांवर महिना जातो आणि या शब्दांवर एक तासही जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

‘-यचो’ या रूपाला जवळचा इंग्रजी प्रयोग म्हणजे ‘यूज्ड टू’. तो बरोबर आहे, पण मराठी बोलणारा प्रत्येक ‘-यचो’साठी तोच वापरत जातो आणि सगळी आठवण ‘यूज्ड टू’ने भरून जाते. या प्रयोगात ‘आता तसे नाही’ अशी छटा असते. सुरुवातीला एकदा तो वापरून पुढे साध्या भूतकाळावर यावे, हीच स्वाभाविक रीत. सवयींसाठी ‘वुड’ही चालते: ‘वी वुड शेअर अवर टिफिन्स.’ मात्र स्थिती सांगताना ते चालत नाही; ‘शाळेत एक मोठे वडाचे झाड होते’ यासाठी ‘देअर वॉज’ किंवा ‘देअर यूज्ड टू बी’ हवे. आणि किती वर्षे ते सांगायचे असेल तर पुन्हा साधा भूतकाळच: ‘आय स्टडीड देअर फॉर सेव्हन इयर्स.’

‘गेलो होतो’मधला ‘होतो’ सर्वांत जास्त चुका करवतो. ‘आम्ही सहावीत रायगडला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे. त्याचे शब्दशः ‘वी हॅड गॉन टू रायगड’ होते, आणि भारतीय इंग्रजीत ते सर्रास ऐकू येते. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला आधार म्हणून दुसरी, नंतरची भूतकाळातली घटना लागते: आम्ही पोचलो तेव्हा बस निघून गेली होती, अशी. आठवण कितीही जुनी असली तरी केवळ जुनेपणासाठी ‘हॅड’ लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची सहलही ‘वेन्ट’च. ‘मला दोन जिवलग मैत्रिणी होत्या’ याचे ‘आय वॉज हॅविंग’ होते तेही असेच चुकीचे; बाळगण्याच्या अर्थाने साधे ‘आय हॅड’ पुरते.

मराठीतली एक गोष्ट मात्र इंग्रजीत हरवते. ‘मी शाळेत गेले’ म्हटल्यावर बोलणारी बाई आहे हे कळते, ‘गेलो’ म्हटल्यावर पुरुष. ‘आय वेन्ट’मध्ये ते नाही. ‘पाटी फोडली’, ‘डबा खाल्ला’, ‘चित्र काढलं’ यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापद मात्र ‘मी’, ‘तू’, ‘ते’ कोणीही असो, तेच राहते. अपवाद फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा. या बाजूने पाहिले तर साधा भूतकाळ हा इंग्रजीतला सोपा काळ आहे.

रूपांचे दोन गट आहेत. बहुसंख्य क्रियापदांना शेवटी एक प्रत्यय लागतो, त्याचे लेखन एकच पण उच्चार तीन: ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टिड’. आपल्याकडे तिन्ही ठिकाणी ‘ड’ म्हणण्याची सवय आहे. उरलेली अनियमित क्रियापदे संख्येने दोनशेच्या आसपास, पण रोजच्या बोलण्यातली बहुतेक तीच: बसणे, जाणे, येणे, खाणे, शिकवणे, आणणे. जुन्या इंग्रजीत आतला स्वर बदलून भूतकाळ करणारी अनेक क्रियापदे होती; त्यांतली फार वापरातली टिकली, बाकीची हळूहळू प्रत्ययाच्या गटात गेली. ‘वेन्ट’ तर मुळात ‘गो’चे नाहीच, ‘वेन्ड’ या वेगळ्या क्रियापदाचे रूप आहे. मराठी शाळांत ‘गो, वेन्ट, गॉन’ हे पाढ्यांसारखे घोकले जाते, आणि ‘कट, कट, कट’पाशी वर्ग हसतो. त्या घोकण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. जीभ तिथेच तयार होते. ‘रीड’ हे तेवढे फसवे: लिहिताना तेच, भूतकाळात उच्चार ‘रेड’.

प्रश्न आणि नकार यांत ‘डिड’ आला की काळाचे ओझे तो उचलतो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात जाते: ‘डिड यू लाइक युअर स्कूल?’, ‘आय डिडन्ट गो’. ‘डिडन्ट वेन्ट’ ही चूक प्रौढ शिकणाऱ्यांच्याही तोंडून सुटता सुटत नाही.

शिक्षकांचे शब्द सांगताना आणखी एक वळण येते. मराठीत ‘बाई म्हणाल्या की उद्या परीक्षा आहे’ यातला ‘आहे’ तसाच राहतो. इंग्रजीत त्या जुन्या ‘उद्या’बद्दल बोलताना तो मागे सरकतो: ‘शी सेड द एक्झाम वॉज द नेक्स्ट डे.’ याउलट ‘मला आठवतं’ हे मात्र वर्तमानातच राहते. ‘आय रिमेंबर द बेल’: घंटा तेव्हाची, आठवण आताची.

महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. त्याआधी मराठी माध्यमाच्या मुलांची गाठ त्याच्याशी साधारणपणे पाचवीत पडे. त्यामुळे आज चाळिशी ओलांडलेल्या अनेकांच्या शाळेच्या आठवणी पूर्णपणे मराठीत घडलेल्या आहेत, आणि त्या इंग्रजीत सांगायची वेळ मोठेपणी येते: नोकरीच्या मुलाखतीत, परदेशी वाढणाऱ्या नातवंडांसमोर, किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या ज्ञानाच्या परीक्षेत. या परीक्षेच्या तोंडी भागात एक मिनिट तयारीला देऊन एक ते दोन मिनिटे सलग बोलायला सांगतात, आणि आवडते शिक्षक किंवा लहानपणचा प्रसंग हे तिथले नेहमीचे विषय आहेत. भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या, युरोपीय परिषदेच्या 2001 च्या भाषा-चौकटीत भूतकाळातले अनुभव सांगता येणे हे ए-टू या पातळीवर, म्हणजे प्राथमिक टप्प्यातच, अपेक्षित आहे.

शब्दांची निवडही जपून करावी लागते. ‘परीक्षा दिली’चे ‘गेव्ह द एक्झाम’ भारतात चालते. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत परीक्षा ‘टुक’. ‘पाचवा नंबर आला’ हे ‘आय केम फिफ्थ’. ‘दांडी मारली’साठी ‘स्किप्ट’ कुठेही समजते. आणि ‘आय पास्ट आउट इन 1995’ हे आपल्याकडे ‘शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडलो’ अशा अर्थाने म्हणतात. इतरत्र अनेकांना त्यातून बोलणारा त्या साली बेशुद्ध पडला असे ऐकू येते, म्हणून तिथे ‘फिनिश्ट स्कूल’ किंवा ‘लेफ्ट स्कूल’ म्हणावे.